हैबतीचं भांडण आणि इनायतचं टोपण

तुडीलचा इनायत मुकादम कुवेतमध्ये इंजिनीअर होता. म्हणजे तुडीलमध्ये तसं मानलं जात होतं, आणि मानणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द इनायतचाच होता. खरं सांगायचं तर पहिली बरीच वर्षं त्यानं तिथल्या वाळूत चर खणून टेलिफोनच्या केबली ओढल्या. पुढं एका केरळी फोरमनची त्याच्यावर मर्जी बसली आणि तो उन्हातून उठून पंख्याखाली आला. तिथं त्याला काम एकच. एका गावचा कॉम्प्युटर लांबच्या दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी तारेवरून ज्यांच्या जोरावर बोलतो, ती कार्डं पेट्या भरभरून यायची. त्यांतली जिवंत कुठली आणि मेलेली कुठली, एवढं बघून इनायतनं त्यांचे दोन ढीग लावायचे. पण माणूस पडला बोलका. सुट्टीवर आला की एसटी थांब्यापासून मशिदीपर्यंत भेटेल त्याला सांगत यायचा, "पुरा कुवेत आपल्या हाताखालनं बोलतो!" एवढं बोलणाऱ्याला इंजिनीअर नाही म्हणायचं तर म्हणायचं तरी काय?

या बोलण्यानं न भुललेलं घरात एकच माणूस होतं. त्याची लेक अलीशबा. पोरगी अजून शाळेत जायला लागली नव्हती, पण वागायला मोठी रीतीची. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात इनायत सुट्टीवर आला तेव्हा तिनं त्याला सलाम केला, पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि दाराच्या चौकटीला टेकून अदबीनं विचारलं, "तुमी कवा जानार?"

त्याची आई हसली, बायको शरिफा हसली. इनायतही हसला. दुसऱ्या दिवशी पोरीनं पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मात्र कोणी हसेना. इनायतला ते फार लागलं. आपण या घरात पाहुणे आहोत, आणि पोरगी आपल्याला पाहुण्यासारखी वागवते यात तिची काहीच चूक नाही, हे त्याला जेवता जेवता उमगलं आणि तो अर्ध्या पानावरून उठला.

"मी आता परत जायाचा नाय," तो शरिफाला म्हणाला.

"आन् करनार काय? मशिदीच्या पायरीवर बसून कुवेत बोलवनार?"

शरिफाचं बोलणं झोंबरं असलं तरी खोटं नव्हतं. न जाण्याच्या शपथा वाहणारे तुडीलमध्ये दर घराआड एक होते आणि शपथ मोडून विमानात बसलेलेही तेच होते. गावात राहायचं तर हाताला काम हवं. परतीचं तिकीट जूनचं होतं; त्याच्या आत काम मिळालं तर इनायत राहणार, नाही मिळालं तर निघाला. सगळा मामला एवढ्यावर येऊन अडला होता.

अशात महाडच्या सावित्री खोरे दूध संघाला कॉम्प्युटरचा नाद लागला. संघाची मुख्य डेअरी महाडात आणि दूध गार करायचं केंद्र पोलादपुरात. कुडपणसारख्या डोंगरावरच्या वाड्यांचं दूध पोलादपुरात उतरायचं आणि तिथून टेम्पोनं महाडला यायचं. किती दूध, किती फॅट, हे सगळं यापुढं तारेवरून यावं अशी कुठल्याशा योजनेतून मंजुरी आली. दोन्हीकडं एकेक कॉम्प्युटर आला, दोघांच्या पोटात बसवायला एकेक कार्ड आलं, उद्घाटनाच्या फितीसुद्धा आल्या. आली नाही ती लाइन. हायवेच्या कडेनं खणायचं काम पावसाळ्यानंतर निघणार होतं. मांडव पडला, वाजंत्री आले आणि नवरी अजून माहेरीच, अशातली गत. त्यात कार्डं पुरवणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराची हमी पावसाआधी संपत होती. म्हणजे कार्ड मेलेलं निघालं तर ते आत्ताच कळायला हवं, आणि लाइन नाही तर कळणार कसं?

संघाचे चेअरमन भागोजी मूळचे कुडपणचेच, पण महाडात राहून त्यांच्या बोलण्यावर शहराचं पाणी चढलं होतं. इनायत त्यांच्यापुढं जाऊन बसला आणि म्हणाला, "शेठ, लाइन नसताना कार्ड तपासायचं, त्याचंच तर मी कुवेतला खात होतो."

भागोजींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तपासून दाखव. महिनाअखेर अलिबागहून योजनेचे साहेब येणार आहेत. त्यांनी मान हलवली की तुझी नेमणूक, कायमची. नाही हलवली तर विमान आहेच. आम्ही एसटीपर्यंत पोचवायला येऊ."

तपासायचे मार्ग दोन. सरळ मार्ग म्हणजे दोन्ही मशीन एका टेबलावर आणायची, मधल्या तारा उलटसुलट ओवलेली एक खास केबल करायची आणि दोघांना समोरासमोर बोलायला लावायचं. इनायतनं केबल जोडूनसुद्धा ठेवली. आता पोलादपूरचं मशीन महाडला आणलं की झालं. पण ते आणायला माणूस गेला आणि तसाच हात हलवत परत आला.

पोलादपूरच्या केंद्राचा कारभार हैबतीकडं होता. हैबती कुडपणचा, नात्यानं भागोजींचा भाऊबंद. आवाज असा, की त्यानं दरीच्या या कडेवरून हाळी दिली तर पलीकडच्या वाडीतल्या म्हशी रवंथ थांबवायच्या. तो दारात आडवा उभा राहिला. "म्हाडला गेल्याली चीज पोलादपूरला परत आल्याली कुनी बगितली हाय का? मोठा काटा दुरुस्तीला म्हनून न्हेला, त्यो आजून दुरुस्तच व्हतोय. मशीन हितनं हलायचं नाय. तुमचंच हिकडं आना."

"मुख्य कचेरीचं मशीन शाखेत न्यायचं?" भागोजी भडकले. "उद्या मलाच तिथं नेऊन बसवाल!"

मग उरला दुसरा मार्ग. कार्डाच्या मागच्या तोंडात बसेल असा एक ठोकळा इनायतनं केला. त्यात जाणारी तार वळवून येणाऱ्या तारेलाच जोडून टाकली. म्हणजे कार्डानं जे बाहेर पाठवावं ते दारातूनच मागं फिरून त्याच्याच कानात यावं. फोरमन त्याला लूपबॅक म्हणायचा, संघातली माणसं टोपण म्हणू लागली. स्क्रीनवर वरच्या अर्ध्यात आपण लिहिलेलं दिसायचं आणि खालच्या अर्ध्यात आलेलं. दोन्ही जुळलं की कार्डाचा घसाही चांगला आणि कानही चांगला.

"म्हणजे हे कुडपणच्या कड्यावर ओरडण्यासारखं," भागोजी म्हणाले.

"बराबर, शेठ. आवाज परत आला म्हंजे घसा बरा हाय."

"माझा घसा बरा आहे हे बघायला मी कड्यावर कशाला जाऊ?"

इनायतनं टोपण लावून दाखवलं. महाडचं कार्ड पास झालं, आणि तो तसंच दुसरं टोपण खिशात घालून पोलादपूरला गेला.

तिथं त्यानं एक चूक केली. भागोजींनी काढलेली ती कड्याची गोष्ट त्यानं हैबतीला सांगितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पोलादपुरात पाऊल टाकल्यापासून त्याला कोणी जमिनीवर राहू दिलं नाही. दूध घालायला आलेले सगळे मशीनभोवती जमले. कुडपणच्या गोदूबाईनं करवंदांचा द्रोण त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "खा रे बाबा विंजनेरा, कुवेतात ही कुटनं मिळायची?" इनायतनं टोपण लावलं, मशीन चालू केलं, आणि हैबतीनं विचारलं, "आता ह्ये बोलतंय?"

"बोलतंय म्हंजे? लिवा आन् बघा."

हैबती सातवीपर्यंत शिकला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला त्याला जमायचं, फक्त एकेक अक्षर शोधायला तो शेतात हरवलेली अंगठी शोधावी तसा वेळ घ्यायचा. त्यानं एका बोटानं लिहिलं, राम राम. खालच्या अर्ध्यात लगेच उमटलं, राम राम.

हैबती खुर्चीतून उठला आणि त्यानं स्क्रीनला हात जोडले. "आरं, म्हाडनं राम राम घातला! आन् म्या बोट उचलायच्या आत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोंडात करवंदं, कानात टाळ्या, आणि कोणीतरी चहा सांगायला पळालेलं. अशा वेळी खरं बोलायला जीभ वळावी लागते आणि इनायतची जीभ तशीही खऱ्याकडं जरा सावकाशच वळायची. "हां, मग!" एवढंच तो म्हणाला. कार्ड तापून बंद पडतंय का ते बघायचं होतं, म्हणून त्यानं आठवडाभर मशीन चालू ठेवायला सांगितलं, टोपणाला हात लावू नका म्हणून बजावलं, आणि खुशीत तुडीलला निघून गेला.

आता पोलादपूरच्या केंद्रात फोन होता. पण तो एका लाकडी पेटीत कुलूपबंद, फक्त रिसीव्हर बाहेर, आणि किल्ली भागोजींच्या करगोट्याला महाडात. महाडहून फोन यायचा, पोलादपूरहून करता यायचा नाही. इतकी वर्षं हैबतीला महाडला काही सांगायचं असलं तर टेम्पोवाल्याच्या तोंडी सांगावा धाडावा लागायचा, आणि तो निम्मा वाटेत सांडायचा. अशा माणसाच्या हातात थेट महाडशी बोलायचं मशीन आलं. तो रोज सकाळी अंघोळ करून त्याच्यापुढं बसू लागला. महाडचा माणूस भारी मर्यादेचा आहे, असं तो सांगायचा. आपण जे म्हणावं तेच म्हणतो, शब्दाबाहेर जात नाही.

चार दिवस असे गोडीत गेले. मग ऊन तापलं. दूध गार करायला बर्फाच्या लाद्या महाडहून यायच्या, त्या वाटेतच निम्म्या होऊ लागल्या. हैबतीनं लिहिलं, बर्फ कमी पडतोय, लवकर पाठवा.

उत्तर आलं, बर्फ कमी पडतोय, लवकर पाठवा.

हैबतीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याला माणुसकीचा उमाळा आला. "बगा," तो गोदूबाईला म्हणाला, "म्हाड म्हंजी भट्टी. आपल्यापरीस त्येंचं हाल जास्त. आन् इतक्या वर्सांत पयल्यांदाच आपल्याकडं कायतरी मागितलंनी." त्यानं होत्या त्यातल्या दोन लाद्या भाताच्या तुसात घोळवल्या, गोणपाटात गुंडाळल्या, आणि दुधाच्या टेम्पोत घालून महाडला पाठवून दिल्या. पोलादपूरनं महाडला बर्फ पुरवल्याची ही पहिलीच नोंद असावी.

महाडात टेम्पोतून दुधाच्या कॅनबरोबर बर्फ उतरला. भागोजींनी गोणपाट उघडून बघितलं आणि शहाण्या माणसानं करावा तोच विचार केला. पोलादपूरला बर्फ जास्त होतोय, म्हणून परत पाठवताहेत. "उद्यापासून तिकडं दोन लाद्या कमी पाठवा," त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोलादपुरात दोन कॅन दुधाला वास आला. हैबती मशीनपुढं बसला. बर्फ दिला त्याचं काय झालं?

बर्फ दिला त्याचं काय झालं?

"आरं, म्या दिला न्हवं!" हैबती स्क्रीनवर ओरडला. ते मशीनला ऐकू जात नाही म्हणून त्यानं लिहिलं, मस्करी करतोस काय? समोरून तेच आलं. मला ओळखतोस काय? तेच आलं. लहानपणी वाडीतली पोरं एकमेकांना अशीच चिडवायची, एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं वेडावत तेच म्हणावं. पण ती पोरं होती, आणि हैबती केंद्राचा प्रमुख होता. तो एकेक अक्षर हुडकत होता आणि समोरचा निर्लज्ज डोळ्याचं पातं लवायच्या आत ते तोंडावर फेकत होता. शेवटी हैबतीचा तोल गेला आणि त्यानं समोरच्याचा बाप काढला.

समोरून त्याचा बाप निघाला.

पहिली शिवी कोणी दिली हा वाद पोलादपुरात पुढं बरीच वर्षं चालला. हैबतीचं म्हणणं, त्यानं लिहिलेली ती शिवी नव्हतीच, इशारा होता. आलेली मात्र शिवी होती. त्याचा बाप माळकरी, वारूनही वर्षं झालेली. त्या माणसाला कोणी महाडात बसून असं बोलावं? हैबतीनं मशीनच्या तारा उपटल्या, पुरावा म्हणून ते टोपणासकट घोंगडीत गुंडाळलं, हातात जाड काठी घेतली आणि कुडपणची चार माणसं घेऊन तो दुधाच्या टेम्पोत बसला.

तो दिवस नेमका अलिबागच्या साहेबांचा होता. महाडच्या कचेरीत टेबलावर नवी चादर, चादरीवर मशीन, आणि मशीनपुढं कुवेतचा निळा शर्ट घातलेला इनायत. त्यानं टोपण लावून दाखवलं, वरचं खाली उतरलेलं दाखवलं. साहेबांनी अर्धी मान हलवली. "हे ठीक. पण हे स्वतःशीच बोलतंय. पोलादपूरच्या कार्डाचं काय?"

इनायत तोंड उघडणार तेवढ्यात दार आपटलं. हैबती आत आला, मागून घोंगडीतलं मशीन आलं, त्यामागून चार माणसं.

"कोन हाय रे त्यो माज्या बापाला शिव्या देनारा?"

साहेब दचकून खुर्चीतून अर्धे उठले. हैबतीनं काठीचं टोक मशीनकडं केलं. "ह्या मशिनीत आली शिवी. हितनं, म्हाडनं! चालू करा, भायेर काडून दावतो!"

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळला. "थांबा, थांबा. महाडहून लिहिलेली शिवी पोलादपूरला पोचली? म्हणजे लाइन चालू आहे की!"

"चालू म्हणजे काय!" भागोजी ताडकन म्हणाले, "आम्ही तेच सांगणार होतो." आणि टेबलाखालून त्यांनी इनायतच्या पायावर असा पाय दिला की अर्थ लगेच कळावा.

 सगळं इनायतच्या डोळ्यापुढं लख्ख उभं राहिलं, महाडात कानावर आलेली उलट्या बर्फाची गोष्ट, शिवी, करवंदांचा द्रोण, सगळं. हो म्हणावं तर साहेब सही करतील, नेमणूक होईल. पण लाइन चालू असेल तर महाडच्या मशीनवर बसून शिव्या देणारा इनायतवाचून दुसरा कोण? मग ती काठी होतीच. नाही म्हणावं तर भागोजींचं तोंड साहेबांपुढं काळं, आणि ते काळं करणाऱ्याला ते कशाला ठेवतील? हो म्हटलं तर काठी, नाही म्हटलं तर कुवेत.  पोरगी चौकटीला टेकून विचारते ते त्याला आठवलं.

तेवढ्यात त्याची नजर घोंगडीवर गेली. जे मशीन पोलादपूरबाहेर काढायला सगळा संघ हरला होता, ते हैबतीनं स्वतः दुधाच्या टेम्पोतून महाडात आणून ठेवलं होतं.

"हैबतीदा," तो म्हणाला, "काटी मारायची ती मारा, पन मागनं. आदी त्या मशिनीपुढं बसा."

त्यानं दोन्ही मशीन टेबलाच्या दोन टोकांना मांडली, दोन्हीकडची टोपणं काढली, आणि कपाटातून ती उलटसुलट ओवलेली केबल काढून दोघांच्या पाठीत लावली. एक गोष्ट मात्र राहिली होती. अशी समोरासमोर जोडली की दोघांतल्या एकानं ताल धरावा लागतो आणि दुसऱ्यानं त्या तालावर बोलावं लागतं. एरवी तो ताल लाइन देणाऱ्याकडून येतो. "ताल म्हाडचं मशीन धरील," इनायत म्हणाला.

"म्हाडनंच का?" हैबतीनं काठी पुन्हा उचलली.

ताल पोलादपूरकडं देण्यात आला. दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे झाले. हैबतीनं काठी मांडीवर घेतली आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केली. ओळ झाली, कोण आहेस तू?

खालच्या अर्ध्यात काहीच आलं नाही. इतक्या दिवसांत असं पहिल्यांदाच झालं होतं. हैबतीनं मान वर करून टेबलाच्या पलीकडं बघितलं. तिथं इनायत खाली मान घालून टकटक करत होता. मग ओळ उमटली. इनायत मुकादम, तुडील.

हैबती खुर्चीसकट मागं सरकला. "येगळं बोललं! आयला, ह्या खेपंला येगळं बोललं!"

साहेब उठून त्याच्या मागं येऊन उभे राहिले. हैबती पुन्हा वाकला. अक्षरं सापडत नव्हती, पण कोणी मदत करायला पुढं झालं नाही. माझ्या बापाला शिवी कोणी दिली?

आता इनायतला लिहायचं होतं. साहेब पाहत होते, भागोजी पाहत होते, आणि तो जे लिहील ते दोन्ही स्क्रीनवर दिसणार होतं. कुवेतच्या गोष्टी सांगताना त्याला शब्द कधी कमी पडले नव्हते. आता एकेक शब्द लिहायला त्याला हैबतीइतकाच वेळ लागला.

तुम्हीच दिलीत. लाइन अजून आलेली नाही. मी टोपण लावलं होतं, तुमचंच लिहिलेलं तुम्हाला परत येत होतं. मला माहीत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी सांगितलं नाही. चूक माझी आहे.

हैबतीनं ते ओठ हलवत दोनदा वाचलं. "म्हंजी बर्फ बी म्याच मागितला?"

"हां."

"आन् म्याच धाडला?"

"हां, हैबतीदा."

कुडपणच्या चौघांतला एक हसला, मग दुसरा, आणि मग साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. हैबती हसला नाही. तो कपाळाला हात लावून बसला. "बा माजा माळकरी," तो म्हणाला, "आता त्येची माफी कुटं मागू?" आणि त्याचा आवाज असा फुटला की हसणारे गप्प झाले. इनायत उठून त्याच्यापाशी गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. त्याला मनापासून लाज वाटत होती.

साहेबांनी शेवटी घसा खाकरला. दोन्ही कार्डं डोळ्यांदेखत बोलली, कार्डं पास, लाइनचं लाइन आल्यावर बघू, असं ते म्हणाले, आणि पूर्ण मान हलवून चहा पिऊन गेले. गाडी वळणाआड होईपर्यंत भागोजींनी हात जोडून चेहरा हसरा धरला होता. तो उतरला आणि ते इनायतकडं वळले. "सगळ्यांदेखत मला खोटं पाडलंस. जा तुझ्या कुवेतला!"

इनायतनं केबल गुंडाळायला घेतली.

"जातोय कशाला?" हैबती दारातून म्हणाला. त्यानं मशीन पुन्हा घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. ते महाडात ठेवायला तो आत्ताही तयार नव्हता. "त्यो आमच्याकडं येल. पोलादपूरला."

"अरे, तुला फसवलं त्यानं!"

"फसवलंन. पर चूक लिवून दिलीन, समद्यांम्होरं. म्हाडच्या बाजूच्या मान्सानं चूक कबूल केल्याली म्या उभ्या जल्मात पयल्यांदा बगितली, भागोजीदा. आसं मानूस तुमास्नी हितं काय कामाचं?"

भागोजींनी तोंड उघडलं, पण चौघे कुडपणवाले त्यांच्याकडं बघत होते, आणि संघाच्या निवडणुका दिवाळीत होत्या. त्यांनी करगोट्याची किल्ली काढली, टेबलावर आपटली, आणि म्हणाले, "फोनची पेटी पण उघडा एकदाची!"

इनायतची नेमणूक झाली. पगार कुवेतच्या मानानं हसण्यासारखा, आणि रोज तुडील ते पोलादपूर एसटीच्या खस्ता. पण त्या संध्याकाळी तो घरी आला तो उडत आला. शरिफानं खाडीच्या बोयट मासळीचं कालवण केलं होतं. त्यानं हात धुतले, पानावर बसला, आणि अलीशबाला जवळ बोलावलं. पोरगी आली, रीतीनं समोर उभी राहिली.

"तुमी कवा जानार?"

"आता मी जानार नाय गो," इनायत म्हणाला.

"कवाच?"

"कवाच नाय. हितंच रानार. तुज्याकडं."

अलीशबानं आईकडं बघितलं. तिचा खालचा ओठ पुढं आला, थरथरला, आणि मग तिनं असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं दारात आली. इनायतला काही कळेना. शरिफा पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अवो," ती कशीबशी म्हणाली, "तुमी आल्यापासनं तिला दादीजवल झोपवलीय. दादी घोरते. मीच सांगितलंवतं, ते गेले की परत माज्याजवल ये."

तुडीलमध्ये बाप जाताना रडलेली पोरं घरोघर होती. बाप राहणार म्हणून एवढ्या मोठ्यानं रडलेलं पोर गाव पहिल्यांदाच ऐकत होतं. इनायतनं तिला उचलून मांडीवर घेतलं. ती हातपाय झाडत होती, एक लाथ कालवणाच्या वाटीला लागली, एक त्याच्या हनुवटीला. त्यानं तिला सोडलं नाही.

"रड गो, रड," तो म्हणाला. "आता मला ऐकायला टाइम हाय."